यादवगिरीचा धूर

म्हैसूर म्हटले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राजवाडा उभा राहतो, दसऱ्याची अंबारी येते, वृंदावन बागेतील कारंजी येतात, आणि बहुधा त्या सर्वांच्या आधी म्हैसूरपाक येतो. यादवगिरीचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. रेल्वे स्टेशनापासून फारशी लांब नसलेली ही एक झाडाझुडपांची, काहीशी चढणीवरची वसाहत. आर. के. नारायण यांनी आपले घर येथे बांधले. आकाशवाणीचे म्हैसूर केंद्र येथेच आहे. आणि ज्या कारखान्याने पस्तीस वर्षे साऱ्या दक्षिणेला, किंबहुना साऱ्या देशाला, मोटारसायकली पुरविल्या तो 'आयडियल जावा' कारखानाही येथेच उभा राहिला.

आकाशवाणी या नावाचा जन्मही म्हैसुरातलाच. १९३५ साली एम. व्ही. गोपालस्वामी नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसे ध्वनिक्षेपक यंत्र बसविले आणि त्यावरून कार्यक्रम सुरू केले. त्यांच्या केंद्राला मिळालेले 'आकाशवाणी' हे नाव पुढे सबंध देशाच्या नभोवाणीने आपलेसे केले. मोटारसायकलीच्या हकिकतीत या प्राध्यापकांची आठवण करण्याचे कारण एवढेच, की घरच्या चार भिंतींत यंत्राशी झटापट करण्याची हौस या गावाला पूर्वीपासून आहे. यंत्र विकत आणावे, ते उघडावे, त्याच्या पोटात काय आहे ते पाहावे, जमल्यास त्यात आपल्या मनाप्रमाणे फेरफार करावा, ही ती हौस. मोटारसायकलीच्या आणि मोटारीच्या ज्या एका भागावर ती सर्वांत अधिक खर्च झाली तो भाग दिसायला अगदी सामान्य आहे. इंजिनातला जळका वायू बाहेर नेणारी लोखंडी नळी, एवढेच त्याचे वर्णन. कारागीर तिच्या पुढच्या वाकड्या भागाला बेंड पाइप म्हणतात आणि मागच्या फुगीर भागाला सायलेन्सर. या नळीवर हक्क कोणाचा, तिच्या मालकाचा की तिच्यातून निघणारा धूर ज्यांच्या नाकात जातो त्यांचा, हा प्रश्न म्हैसूरच्या मोटारसायकलींच्या इतिहासात हळूहळू कसा उभा राहिला ते पाहण्यासारखे आहे.

म्हैसूर संस्थानात कारखानदारीचे बी पेरणाऱ्यांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे नाव पहिले. हे विश्वेश्वरय्या आपल्याला परके नव्हेत. १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते अभियंता झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी नाशिक, धुळे, पुणे अशा ठिकाणी दोन तपे नोकरी केली. खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारी दारे बसविणारे तेच. १९१२ साली ते म्हैसूरचे दिवाण झाले. शिवसमुद्रमच्या धबधब्यावर १९०२ सालीच वीज निघू लागली होती. तिच्या आधाराने संस्थानात एकामागून एक धंदे उभे राहिले. पुढे म्हातारपणी विश्वेश्वरय्यांनी एक मोठे स्वप्न पाहिले. हिंदुस्थानात मोटारी तयार करावयाच्या. १९३५ च्या सुमारास त्यांनी त्यासाठी युरोप-अमेरिकेचा प्रवास केला, योजना आखली, आणि त्या योजनेला आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची जोड मिळाली. परक्या सरकारचा कौल काही मिळाला नाही. वालचंदांनी १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना काढला तो म्हैसूर सरकारच्या भागीदारीत, आणि मोटारींचा कारखाना अखेर १९४४ साली 'प्रीमियर' या नावाने मुंबईत स्थापन झाला. म्हणजे म्हैसूरच्या मातीत विमान रुजले, पण मोटार रुजली नाही. चार चाकांचे राहिलेले काम पुढे दोन चाकांनी पुरे केले, तेही एका मुंबईकर इराण्याच्या हातून.

जावा ही मूळची झेकोस्लोव्हाकियाची गाडी. फ्रांटिशेक यानेचेक हे शस्त्रांच्या कारखान्याचे मालक. वांडरर या जर्मन कंपनीकडून त्यांनी मोटारसायकलीचा धंदा विकत घेतला आणि १९२९ साली आपल्या व त्या कंपनीच्या नावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तेथील अभियंत्यांनी एका नव्या अडीचशे सी.सी. गाडीचे काम चोरूनमारून चालू ठेवले होते. युद्ध संपताच, १९४६ साली, ती गाडी जगापुढे आली. तिचीच पुढची पिढी १९५० नंतरच्या दशकात मुंबई बंदरात उतरू लागली. रुस्तम इराणी व फारूख इराणी हे तिचे आयातदार. परकीय चलनाच्या टंचाईमुळे सरकारने आयातीवर निर्बंध आणले, तेव्हा गाडी येथेच बनविण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १९६० साली म्हैसुरात 'आयडियल जावा' कंपनी उभी राहिली. त्या वेळी राज्यपालपदी असलेल्या महाराजा जयचामराज वडियार यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले आणि १९६१ पासून यादवगिरीच्या दारातून जावा गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ साली त्यांचे नाव बदलून 'येझदी' झाले. इराणातील यझ्द हे पारशी-इराण्यांचे पूर्वापार गाव. त्याची ही आठवण. कानडी मुलुखातल्या, झेक वळणाच्या गाडीला इराणातल्या गावाचे नाव लाभावे आणि ती कोल्हापूरच्या तालमीसमोर नाहीतर पुण्याच्या पेठेत उभी राहावी, अशी ही सरमिसळ होती.

आता त्या नळीकडे वळू. जावाचे इंजिन एका सिलिंडरचे, साडेसहा सेंटिमीटर व्यासाचे व साडेसात सेंटिमीटर धावेचे. पण धूर बाहेर जाण्यासाठी त्याला नळ्या मात्र दोन; एक उजवीकडे, एक डावीकडे. पाहणाऱ्याला गाडी दोन सिलिंडरांची वाटे. इंजिन टू-स्ट्रोक जातीचे असल्यामुळे त्यात झडपा नव्हत्या आणि वंगणासाठी वेगळी टाकीही नव्हती. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, वीस-पंचवीस भागांस एक भाग या प्रमाणात, आणि इंजिनाने ते पेट्रोलबरोबर जाळायचे. सगळे तेल जळत नसे. जे अर्धवट जळे ते निळसर धूर होऊन बाहेर पडे, आणि त्यातले काही वाटेतच नळीच्या अंगाला चिकटून बसे. प्रथम तेलकट चिखल, मग काळी साय, मग दगडासारखी खपली. काही हजार किलोमीटर झाले की सायलेन्सरच्या आतली भोके बुजू लागत. माणसाच्या घशात कफ दाटावा तशी गाडीची अवस्था होई.

म्हैसूरच्या मालकाला हे कळण्याची जागा ठरलेली होती. गावाला लागूनच चामुंडी टेकडी आहे आणि वर जाणारा रस्ता वळणांचा व चढाचा आहे. सपाटीवर कुरकूर न करणारी जावा या चढावर तोंड काळे करी. जो चढ एरवी तिसऱ्या गिअरमध्ये सहज जाई तो दुसऱ्यात घ्यावा लागे. मागे बसलेल्या कुटुंबाने काही म्हणायच्या आत मालक मनाशी म्हणे की कार्बन धरला. मग पुढचा रविवार सायलेन्सरचा.

हा रविवार म्हणजे एक घरगुती विधीच होता आणि तो फक्त म्हैसुरातच नव्हे, जावा जेथे जेथे गेली तेथे तेथे पाळला जाई. गाडीबरोबर मिळालेल्या हत्यारांच्या पिशवीतून आकडीच्या तोंडाचा पाना काढून सिलिंडरपाशी नळी धरून ठेवणारा मोठा गोल नट सैल करावयाचा. तो उष्णतेने जाम झालेला असे. त्यावर थोडे रॉकेल सोडून वाट पाहणे हाच उपाय होता. उतावळा माणूस छिन्नी-हातोडी घेई आणि आटे खराब करून बसे. नळ्या सुटल्या की सायलेन्सरच्या मागच्या टोकाचा नट काढून आतली भोकाभोकांची नळी ओढून घ्यावयाची. तिच्यावरची खपली तासून काढणारे काही, सरळ भट्टीत नाहीतर शेगडीवर तापवून जाळून टाकणारे काही. पण बहुतेकांची भिस्त कॉस्टिक सोड्यावर. जुन्या बादलीत सोड्याचे कढत पाणी, त्यात नळी रात्रभर बुडवून ठेवायची, सकाळी काठीने ढवळायची. पाणी शाईसारखे काळे होई. सोडा हातावर उडाला तर कातडी सोलून निघे, आणि ॲल्युमिनियमच्या भागाला लागला तर तो भागच खाऊन टाकी, हे ज्ञान बहुतेकांना पुस्तकातून न मिळता अनुभवातून मिळे. ज्या बादलीत हे झाले ती बादली पुन्हा स्वयंपाकघराच्या वाटेला जाऊ नये, यावर घराघरांत कडक नजर असे.

शेवटी सिलिंडरच्या तोंडाशी नवी गॅस्केटची कडी घालून सर्व जागच्या जागी बसवावयाचे आणि किक मारावयाची. जावाची किक म्हणजेच तिचा गिअर. एकच दांडी आत दाबून वर वळविली की किक होई आणि गाडी चालू झाल्यावर पुढे वळविली की गिअर होई. झेक अभियंत्यांची ही चतुराई पाहून नवख्या माणसाची नेहमी फसगत होत असे. इंजिन धडधडू लागले की मालक दोन्ही सायलेन्सरांमागे दोन तळहात धरी. दोन्हीकडचा वारा सारख्या जोराचा लागला तर काम नीट झाले.

या साऱ्यात कायदा कोठे होता, असे विचारले तर तो कोठेच नव्हता असे म्हणावे लागेल. नियमांच्या पुस्तकात सायलेन्सर असलाच पाहिजे एवढे होते. नळीची निगा हा मालकाचा हक्कच नव्हे, कर्तव्य होते. गाडीच्या पुस्तिकेत ते काम त्याच्यावर सोपविलेले असे. नळीतून जे बाहेर पडे त्याविषयी मात्र कोणी कोणाला जाब विचारीत नव्हते. यादवगिरीतल्या कारखान्यासमोर तयार गाड्या चालवून पाहिल्या जात, तेव्हा हवेत तरंगणारा तो तेलकट वास शेजाऱ्यांना रोजगाराचा वास वाटत असावा.

निगेपासून फेरफारापर्यंतचे अंतर थोडे असते. सोड्याच्या पाण्यातून काढलेली जाळीची नळी हातात असताना एखाद्या तरुणाच्या मनात येई की ही परत बसवलीच नाही तर? ती वायूला अडविते. अडथळा गेला की ताकद वाढेल. गाडी सुरू होताच रस्ता दणाणून जाई आणि त्याची खात्री पटे की ताकद वाढलीच. चामुंडीच्या चढावर पाहावे तो गाडी पूर्वीपेक्षाही मंद. आवाज आणि ताकद यांचा संबंध माणूस जितका समजतो तितका नाही, हा धडा टू-स्ट्रोक इंजिनाइतका स्वच्छ कोणी शिकविला नसेल.

याचे कारण मोठे मौजेचे आहे. टू-स्ट्रोक इंजिनात जळका वायू बाहेर जात असतानाच ताजे मिश्रण आत येते, आणि त्यातले काही जळण्याआधीच धुराच्या वाटेने पळून जाते. त्याला अडविणारी झडप नाही. पण बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर नळीतून दाबाची एक लाट ध्वनीच्या वेगाने धावत असते. नळी जेथे रुंद होते तेथून ही लाट ओढ घेणारी होऊन परत फिरते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढते. नळी जेथे पुन्हा अरुंद होते तेथून ती दाब घेऊन परतते आणि पळू पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला मागे लोटते. जावाचे इंजिन पूर्ण ताकदीला मिनिटाला पावणेपाच हजारांच्या आसपास फेरे घेई; म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग. एवढ्या अवधीत लाटेने जाऊन वेळेवर परत यायचे. नळीची लांबी व पोट चुकले की वेळ चुकली. टू-स्ट्रोक इंजिनाला धुराची नळी ही नसलेली झडपच असते. ती काढून टाकणारा इंजिनाचाच एक अवयव कापीत होता.

ही विद्या शास्त्राच्या पायरीला नेली ती पूर्व जर्मनीच्या वाल्टर काडेन यांनी. एम.झेड. या सरकारी कारखान्यात तुटपुंज्या साधनांनिशी त्यांनी या लाटांचा अभ्यास केला आणि १९६१ साली १२५ सी.सी.च्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढून दाखविली. त्याच वर्षी स्वीडनमधील शर्यतीनंतर त्यांचा आघाडीचा स्वार एर्न्स्ट डेगनर देश सोडून पळाला आणि जपानच्या सुझुकी कंपनीत दाखल झाला. त्याच्याबरोबर ही विद्याही गेली. पुढल्याच वर्षी सुझुकीने पन्नास सी.सी.चे जगज्जेतेपद मिळविले. एका लोखंडी नळीच्या आकारापायी माणसाने मायदेश सोडावा आणि दोन राष्ट्रांच्या धंद्याचे पारडे फिरावे, असे इतिहासात क्वचित घडते.

मद्रासजवळच्या शोलावरम येथे युद्धकाळातील विमानतळाच्या धावपट्टीवर मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यती होत. जावा व येझदी तेथे नियमाने उतरत. दक्षिणेतील हौशी कारागीर पत्र्याचे शंकू कापून, त्यांचे तुकडे एकास एक जोडून फुगीर पोटाच्या नळ्या घडवीत. वहीत आकडेमोड, अंगणात कागदाचा नमुना, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे जोडणी, आणि मग रिकाम्या रस्त्यावर चाचणी, असा तो क्रम. चुकीची नळी फेकून देऊन दुसरी करावी लागे. तेथे अंदाजाला किंमत नव्हती; घड्याळ खरे काय ते सांगत असे. घरगुती फेरफाराचा हा सर्वांत सकस काळ होय. जो नळी बदले त्याला नळी का असते हे ठाऊक होते.

पण त्याच निळ्या धुराने अखेर टू-स्ट्रोकचा घात केला. टू-स्ट्रोकच्या ताज्या मिश्रणाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, न जळता हवेत जातो. १९८५ साली चार स्ट्रोकची हिरो होंडा आली आणि लिटरमागे किती किलोमीटर हा प्रश्न गिऱ्हाईक प्रथम विचारू लागले. १९९१ साली देशात वाहनांच्या धुरावर मर्यादा आली, १९९६ साली ती आणखी कडक झाली. त्याच १९९६ साली यादवगिरीचा कारखाना बंद पडला. कारणे अनेक होती: जुने नमुने, नवे प्रतिस्पर्धी, कामगारांशी बिघडलेले संबंध, घटती मागणी. सारा दोष धुराच्या कायद्यावर टाकणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. कंपनी पुढे अवसायनात निघाली, आणि ज्यांच्या हातांनी गाड्या घडल्या त्या कामगारांच्या देण्याचा प्रश्न कितीतरी वर्षे रेंगाळला. गाडीच्या आठवणी काढणाऱ्यांत या हातांची आठवण काढणारे थोडे असतात.

येथे हकिकत संपायची, पण नळी संपली नाही. म्हैसूरच्या ज्या अंगणात वडिलांची जावा उभी असे तेथे आता मुलाची मोटार उभी असते, आणि पुष्कळदा तिच्या इंजिनाला टर्बो असतो. टर्बोची कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ सालीच तिचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराच्या जोराने एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात हवा कोंबायची, अशी ती युक्ती. जहाजांना ती लवकर लाभली. घरगुती मोटारींना १९६२ साली अमेरिकेत, आणि आपल्याकडच्या सामान्य पेट्रोल गाड्यांना त्यानंतर अर्ध्या शतकाने. पुण्याजवळ चाकणला बनलेली फोक्सवॅगनची पोलो जी.टी. २०१३ साली बाजारात आली. टाटांची रांजणगावची नेक्सन २०१७ साली. अशा गाडीत धुराने फिरणारा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. त्यातून बाहेर पडलेला वायू ज्या नळीने खाली उतरतो तिला 'डाउनपाइप' म्हणतात. हौशी तरुण बदलतो ती हीच नळी.

तिचे शास्त्र जावाच्या नळीच्या अगदी उलट आहे. तेथे परतणारी लाट उपकारक होती. येथे पंख्याच्या पलीकडे जितका अडथळा कमी तितके बरे. पंखा दोन बाजूंच्या दाबांतील फरकावर फिरतो. पुढचा दाब उतरला की तो लवकर गती घेतो आणि गाडीला चटकन जोर येतो. म्हणून रुंद, मोकळी नळी बसविली तर गुण खरोखरच येतो. वडील 'नळीला हात लावशील तर गाडी मंदावेल' असे म्हणाले तर त्यांचे ज्ञान त्यांच्या इंजिनापुरते खरे आणि या इंजिनापुरते खोटे.

मात्र ही जागा मोकळी नसते, हीच सारी अडचण. कारखान्याच्या डाउनपाइपमध्ये, इंजिनाला शक्य तितके जवळ, एक विटेएवढा मधाच्या पोळ्यासारखा ठोकळा बसविलेला असतो. त्याच्या असंख्य बारीक नळ्यांवर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तेथे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. हा ठोकळा अडीचशे-तीनशे अंश तापल्याखेरीज कामाला लागत नाही, म्हणून तो इंजिनापासून दूर नेऊन चालत नाही. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो १ एप्रिल १९९५ पासून आवश्यक झाला. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस.-६ नियमांनी त्याच्यावरील जबाबदारी आणखी वाढविली. म्हणजे इंजिनाला जी जागा रिकामी हवी तीच जागा हवेला भरलेली हवी. रस्त्यावरच्या माणसाची फुप्फुसे आणि गाडीमालकाचा वेग यांचा झगडा एका वीतभर नळीत येऊन ठेपला आहे.

घरी हे काम करणारा तरुण वडिलांइतकाच कष्ट घेतो. गाडी जॅकवर उचलून ती पक्क्या घोड्यांवर टेकवावी लागते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन पुरते थंड व्हावे लागते. पत्र्याचे कवच काढले की पंख्याच्या तोंडाशी नळी धरून ठेवणारे नट दिसतात. वारंवार अतिशय तापून ते गंजलेले असतात. बळ केले तर आतला स्टड तुटतो आणि शंभर रुपयांचे काम हजारांवर जाते. येथेही तेल सोडून वाट पाहणे हाच उपाय. त्यात साठ वर्षांत फरक पडलेला नाही. नळीत बसविलेले ऑक्सिजनचे दोन सेन्सर जपून सोडवावे लागतात, नवी गॅस्केट घालावी लागते, सर्व जोड हलके बसवून नळी सरळ झाल्यावरच आवळावे लागतात. जोड गळका राहिला तर विषारी वायू गाडीत शिरू शकतो.

एवढे करून किल्ली फिरवावी तर काही दिवसांत समोर पिवळा दिवा लागतो. ठोकळ्यापुढचा सेन्सर आणि त्यामागचा सेन्सर एकच बातमी देऊ लागले की गाडीतील संगणकाला कळते, मधला पहारेकरी जागेवर नाही. मग तो दिवा विझविण्यासाठी संगणकाच्याच स्मरणात फेरफार करून घेतला जातो. जावाच्या मालकाला गाडी चढावर मंदावून खरे सांगत असे. येथे गाडीने खरे सांगू नये अशी तजवीज केली जाते. दोन पिढ्यांच्या हस्तकौशल्यात जो फरक पडला तो हा.

कायदाही आता कोठेच नाही असे राहिले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कारखान्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे पाळले पाहिजे असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. नळी धुणे अजूनही मालकाचे काम आहे. नळी बदलणे हा गुन्हा आहे. कायद्याचा हेतू योग्य आहे. तरीही मध्यरात्री गल्ली दणाणून सोडणारा आणि पत्र्याचे शंकू कापून लाटांचे गणित मांडणारा या दोघांना कायद्याच्या शब्दांत एकच नाव आहे, हेही खरे. शर्यतीच्या बंदिस्त मैदानाखेरीज दुसऱ्याला आपली विद्या पाजळायला रीतसर जागा उरलेली नाही, आणि अशी मैदाने देशात बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

महाराष्ट्रातील व कर्नाटकातील अनेक शहरांत अलीकडे एक दृश्य पाहावयास मिळते. पोलिसांनी दुचाकींवरून उतरविलेले कर्णकर्कश सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडलेले असतात, आणि त्यांच्यावरून रोड रोलर सावकाश फिरविला जातो. चकचकीत नळ्या पापडासारख्या चपट्या होतात. बघ्यांत टाळ्या वाजविणारे पुष्कळ असतात. ज्यांच्या घरी तान्हे मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांना तर हा न्यायच वाटतो. डाउनपाइप मात्र या ओळीत सहसा दिसत नाही. तो गाडीच्या पोटात लपलेला असतो, फारसा गाजत नाही, आणि त्यातून जे अधिकचे बाहेर पडते त्याला आवाज नसतो.

जावा हे नाव २०१८ साली पुन्हा बाजारात आले. नवी गाडी मध्य प्रदेशात पिथमपूरला बनते, तिचे इंजिन चार स्ट्रोकचे आहे आणि धूर शुद्ध करणारा ठोकळा तिच्यातही आहे. एका सिलिंडरच्या या इंजिनाला एक नळी पुरली असती. पण जुन्या गाडीच्या दोन बाजूंना दोन नळ्या होत्या, म्हणून हिलाही दोन दिल्या आहेत. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जुन्या जावा-येझदीचे मालक ठिकठिकाणी जमतात, म्हैसुरातही जमतात. त्या दिवशी सकाळी निळ्या धुराचा तो तेलकट वास काही काळ पुन्हा हवेत तरंगतो, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात कोठल्या तरी अंगणात सोड्याच्या पाण्याची बादली झाकून ठेवलेली असते.